मोटारीचा हँडब्रेक जाम होतो तेव्हां

पावसाळाभर अंगणांत उभी राहिलेली जुनी मोटार गणपतीच्या सुमारास बाहेर काढावी, किल्ली फिरवितांच इंजिन सुरू व्हावें, घरांतील मंडळींनीं पिशव्या घेऊन आंत बसावें, आणि गाडीनें मात्र जागचें हलूं नये, असा अनुभव आपल्या जिल्ह्यांत पुष्कळ घरीं आला असेल. इंजिन ओरडतें, क्लच जळल्याचा वास सुटतो, मागचीं चाकें जमिनींत रोवल्यासारखीं राहतात. अशा वेळीं वडील माणसें मुलांवर रागावतात व मुलें गाडीवर रागावतात. खरें पाहतां जून महिन्यांत कोणी तरी मोठ्या काळजीनें ओढून ठेवलेला हँडब्रेक तेवढा सुटलेला नसतो.

कांहीं वर्षांपूर्वीं रोहें येथें आमच्या एका आप्तांच्या घरीं असाच प्रसंग आमच्या डोळ्यांदेखत घडला. तो हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि म्हणूनच हा विषय विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रसंग पुढें सांगूं; परंतु तो नीट कळावा यासाठीं हँडब्रेकची रचना आधीं समजून घेतली पाहिजे.

मोटारीस दोन ब्रेक असतात. पायाचा ब्रेक दाबला असतां नळ्यांतील ब्रेक ऑइलच्या दाबानें चारही चाकांस अटकाव होतो. चालत्या गाडीस थांबविणें हें त्याचें काम. हँडब्रेकचें काम थांबलेल्या गाडीस थांबवून धरण्याचें. जुन्या गाड्यांच्या हँडब्रेकमध्यें तेलाचा संबंध मुळींच नसतो. दांडा, तार आणि तरफ एवढाच काय तो संसार. हें मुद्दामच तसें केलेलें आहे. एखादी नळी फुटून पायाचा ब्रेक निकामी झाला, तरी दुसरा ब्रेक त्याच्यावर अवलंबून असूं नये, असा त्यांतील हेतु आहे.

मागच्या प्रत्येक चाकाबरोबर बिडाचें एक उथळ भांडें फिरत असतें. त्यास ड्रम म्हणतात. फ्रान्समधील लुई रेनॉ यांनीं १९०२ सालीं हा प्रकार मोटारींत रूढ केला. या भांड्याच्या पोटांत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू बसविलेले असतात, व त्यांच्या बाहेरील अंगास लायनर म्हणजे घर्षण सोसणारा कठीण थर चिकटविलेला असतो. एरव्हीं दोन स्प्रिंगा या शूंना आंत ओढून ड्रमपासून दूर ठेवितात. चालकानें आपल्या शेजारचा दांडा वर ओढला म्हणजे तार ताणली जाते, ड्रमच्या आंतील लहानशी तरफ हलते, शू फांकतात आणि लायनर ड्रमच्या भिंतीस घट्ट टेकतात. दांड्याच्या बुडाशीं दंतुर पट्टी व तिच्यांत अडकणारें एक दांडकें असतें; दांडा वर ओढतांना जो कटकट आवाज येतो तो या दांत्यांचा. टोकाचें बटण दाबलें कीं दांडकें सुटतें व दांडा खालीं जातो.

तार मागच्या चाकापर्यंत मोकळी जात नाहीं. वळणावळणाच्या मार्गांत ती एका लवचीक वेष्टणांतून नेलेली असते. सायकलच्या ब्रेकची तार ज्यांनीं पाहिली आहे त्यांस निराळें सांगावयास नको. अर्नेस्ट बाउडन नांवाच्या गृहस्थांनीं १८९६ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें, आणि सायकलपासून मोटारीपर्यंत तीच युक्ति अनेक ठिकाणीं वापरली गेली.

आतां या सर्व रचनेंत एक गोष्ट अशी आहे कीं जी ध्यानांत आली असतां पुढचें सारें आपोआप उलगडतें. ब्रेक लावण्याचें काम मनुष्याचा हात करितो, पण ब्रेक सोडण्याचें काम हात करीत नाहीं. तारेनें ओढतां येतें, ढकलतां येत नाहीं. आपण दांडा खालीं सोडतों तेव्हां आपण केवळ ओढणें थांबवितों. तारेला मागें नेणें व शूंना आंत घेणें हें काम त्या स्प्रिंगांनीं करावयाचें असतें. लावतांना दांड्याच्या लांबीमुळें हाताचें बळ कितीतरी पटींनीं वाढून चाकापर्यंत पोंचतें. सोडतांना बिचाऱ्या स्प्रिंगेस जेवढें बळ आहे तेवढेंच. म्हणून वाटेंत कोठेंही गंज चढला, तर ब्रेक लागतो पण सुटत नाहीं. दांड्याशीं कितीही झटापट केली तरी तिचा उपयोग होत नाहीं, याचें कारण हेंच. आमच्या पाहण्यांत असे गृहस्थ आहेत कीं ज्यांनीं रागाच्या भरांत दांडाच मोडून हातांत घेतला, आणि गाडी होती तेथेंच राहिली.

गंजाविषयीं चार शब्द येथें अवश्य आहेत, कारण आपला मुलूख हें गंजाचें माहेरघर आहे. लोखंडास पाणी व हवेंतील प्राणवायु हीं दोन्ही मिळालीं म्हणजे गंज उत्पन्न होतो. तयार झालेला गंज मूळच्या लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तार व तिचें वेष्टण यांच्यांतील केसाएवढी फट तो सहज भरून टाकतो. पाण्यांत मीठ असलें तर ही क्रिया फार जलद होते, कारण गंजणें ही एक विद्युत्‌क्रिया आहे व खारें पाणी वीज चांगली वाहून नेतें. रायगड जिल्ह्यांत, ज्यास १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत असत, वर्षाकांठीं सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सारा चार महिन्यांतच. पेणच्या पश्चिमेस धरमतरची खाडी, खारजमिनी व मिठागरें. रोह्यास कुंडलिका नदी. पेणहून वडखळ, नागोठणें व भिसे खिंडींतून रोह्यास जाणाऱ्या गाडीच्या बुडाशीं पावसाळ्यांत काय काय उडतें, याची कल्पना ज्यानें ती वाट केली आहे त्यासच येईल. तारेच्या टोकांशीं पाणी आंत शिरूं नये म्हणून रबराचीं टोपणें असतात. तीं दहाबारा वर्षांत कडक होऊन चिरतात. टोपण दिसावयास चार आण्यांचें, पण खरा पहारेकरी तेंच.

गंजाची दुसरी जागा ड्रमच्या आंत. ओल्या रस्त्यानें आलेली गाडी ब्रेक ओढून उभी केली कीं ओला लायनर ओल्या बिडावर दाबला जातो. बिडाच्या उघड्या पृष्ठभागावर एका रात्रींतही तांबूस थर दिसूं लागतो. गाडी रोज चालत असेल तर हा थर पहिल्या दोनचार वळणांतच घांसून जातो व कोणास कळतही नाहीं. पण गाडी तशीच महिना-दोन महिने राहिली तर लायनर व ड्रम यांच्यामध्यें गंजाचा सांधा तयार होतो. मग स्प्रिंग त्यांस ओढून ओढून थकते, आणि ते एकमेकांस सोडीत नाहींत. थंड देशांत हेंच काम बर्फ करितें; तेथें हिवाळ्याच्या एका रात्रींत ओलसर ब्रेक गोठून बसतो.

आतां तो रोह्याचा प्रसंग. आमच्या आप्तांकडे वीस वर्षांची एक लहान मोटार होती. पुढच्या चाकांस गति देणारी, मागच्या चाकांस ड्रम असलेली. घराचें अंगण रस्त्याकडे उतरतें. जूनच्या आरंभीं गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी केली व उतार म्हणून हँडब्रेक चांगला ओढून ठेविला. पुढें घरांत आजारपण निघालें, आणि गाडीस कोणीं हात लाविला नाहीं. चतुर्थीच्या आदल्या दिवशीं सकाळीं पेणहून गणपतीची मूर्ति आणावयाची होती. पेणच्या मूर्तिशाळांची ख्याति सांगावयास नको. मूर्ति महिनाभर आधींच सांगून ठेविली होती.

गाडी सुरू झाली, पण हलली नाहीं. दांडा तर सहज खालीं गेला. घरांतील मुलानें, जो नुकताच कॉलेजांतून बाहेर पडला होता, गिअर न्यूट्रलमध्यें घालून दोघांतिघांकडून ढकलून पाहिलें. मग त्यानें जॅक लावून मागचें उजवें चाक उचललें, तें काढून घेतलें, व अर्धा देह गाडीखालीं घालून तो ड्रमवर आंतल्या बाजूनें हातोडी मारूं लागला. आम्ही छत्री धरून बाजूस उभे होतों आणि त्याच्या उत्साहाचें कौतुक करीत होतों. हें येथें कबूल केलें पाहिजे.

इतक्यांत शेजारच्या आळींतील एक वृद्ध मिस्त्री रस्त्यानें चालले होते. ते थांबले, त्यांनीं एकदां गाडीकडे व एकदां उताराकडे पाहिलें, आणि कोणाशींही न बोलतां पडक्या गडग्याचे दोन मोठे धोंडे उचलून पुढच्या दोन्ही चाकांच्या पुढें घट्ट सारले. मग ते वांकून म्हणाले, “बाळा, आधीं बाहेर ये. गाडीचें मग बघूं.” मुलगा थोड्या नाखुषीनेंच बाहेर आला. मिस्त्रींनीं त्याच्याकडून चाक परत बसविलें, जॅक उतरविला, आणि त्यास दूर उभें केलें. उजव्या चाकाकडील तार त्यांस ताठ लागली. तिचें टोंक त्यांनीं बाजूनें हात घालून तरफेपासून मोकळें केलें. गाडी सुटली कीं नाहीं तें कळावें म्हणून गिअर मुद्दाम न्यूट्रलमध्येंच ठेविला. नंतर डाव्या चाकाशीं बसून लाकडी हातोड्यानें ड्रमच्या तोंडावर चाकाच्या भोंकांतून तीनचार ठोके मारले. टक् असा आवाज झाला, आणि गाडी चार बोटें पुढें सरकून धोंड्यांवर टेकली.

कोणी कांहीं बोललें नाहीं. चार बोटें म्हणजे कांहींच नव्हे. पण धोंडे नसते तर ती रस्त्यापर्यंत गेली असती, आणि दहा मिनिटांपूर्वीं ती जॅकवर असतां त्या मुलाची छाती तिच्याखालीं होती. गाडीस त्या वेळीं धरून ठेवणारी वस्तु फक्त एकच होती, ती म्हणजे तो जाम झालेला ब्रेक. आणि तोच सोडविण्यासाठीं तो हातोडी मारीत होता.

गणपति त्या सायंकाळीं शेजाऱ्यांच्या टेंपोंतून आला. गाडी आणखी आठ दिवस अंगणांतच राहिली.

या प्रसंगापासून आम्हीं जें शिकलों तें आतां क्रमानें सांगतों. अडकलेल्या ब्रेकला हात लावण्यापूर्वीं चाकांस धोंडे किंवा लाकडाचे ठोकळे लावलेच पाहिजेत. उतार ज्या बाजूस असेल त्या बाजूस, आणि सपाट जागीं दोन्ही बाजूंस. जागा सपाट आहे हें डोळ्यांनीं ठरवूं नये. जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, तोलून धरण्याचें नव्हे. जॅकवरच्या गाडीखालीं देहाचा कोणताही भाग जातां कामा नये. गाडीखालीं जाणें अवश्यच असेल तर भक्कम घोड्यांवर गाडी टेंकवावी लागते, आणि तीं गॅरेजांतच असतात. तेव्हां तें काम गॅरेजासच सोडावें.

दुसरी गोष्ट, अडलें आहे कोठें तें आधीं पाहावें. दांडाच खालीं जात नसेल, बटण दाबलें जात नसेल, तर दोष बहुधा दांत्यांशीं असतो. दांत्यावर ताण असतां दांडकें सुटत नाहीं. म्हणून दांडा आधीं किंचित् वर ओढावा, मग बटण दाबावें व मग खालीं न्यावा. पुष्कळ वेळां एवढ्यानेंच काम होतें, विशेषतः एखाद्या बलवान् मनुष्यानें ब्रेक ओढला असेल तर. दांडा खालीं गेला पण चाक सुटलें नाहीं, तर गाडीच्या मागें बसून, खालीं न शिरतां, चाकाच्या आंतल्या बाजूस येणारी तार पाहावी. दांडा खालीं असूनही तार ताठच असेल तर ती वेष्टणांत अडकली आहे. तार ढिली होऊन लोंबत असेल तर ती बिचारी निर्दोष आहे; अडकलेले आहेत ते आंतील शू किंवा तरफ. रोह्याच्या गाडीस उजवीकडे पहिला रोग होता व डावीकडे दुसरा, आणि म्हणूनच उजव्या ड्रमवर मारलेली हातोडी व्यर्थ जात होती.

शू चिकटले असतील तर इंजिन सुरू करून पहिला गिअर व मागचा गिअर आळीपाळीनें घालून क्लच हलकेंच सोडावा व गाडीस पुढें-मागें झोका द्यावा. झोका चारपांच वेळां, तोही हलका. गंजाचा सांधा ठिसूळ असतो. तो ओढण्यापेक्षां हिसक्यानें लवकर तुटतो. अर्थात् धोंडे गाडीस सरकण्यापुरती थोडी जागा ठेवून लावावेत, व समोर किंवा मागें कोणी मूल उभें नाहीं हें आधीं पाहावें. इतक्यानें न सुटल्यास ड्रमवर ठोके. ठोका लाकडी किंवा रबरी हातोड्याचा असावा आणि तो ड्रमच्या तोंडाच्या सपाट भागावर पडावा, कडेवर नव्हे. कारण बीड कठीण असलें तरी ठिसूळ असतें व कड चटकन् उडते. येथें एक मोह अनेकांस होतो, तो म्हणजे ड्रमच्या फटींतून तेल किंवा रॉकेल सोडण्याचा. हा मोह आवरावा. लायनर तेल पितो, आणि तेलकट लायनर पुढें ऐन वेळीं पकडीत नाहीं. मग जाम होणारा ब्रेक बरा होता असें म्हणण्याची पाळी येते.

तार अडकली असेल तर मात्र गंज सोडविणारें पातळ तेल वेष्टणाच्या टोंकांतून आंत सोडून व तार पुढेंमागें हलवून ती तात्पुरती सुटते. तात्पुरती हा शब्द आम्हीं विचार करून वापरला आहे. ज्या वेष्टणांत एकदां पाणी शिरलें व ज्या तारेचे पीळ गंजून फुगले, ती तार आज सुटली तरी दोन पावसांनंतर पुन्हा धरणारच. रोह्याच्या मिस्त्रींनीं नवीन तारच घातली, आणि जुनी तार वांकवून दाखविली; पिळांतून तांबडी भुकटी पडत होती. दोन्ही चाकांच्या तारा एकाच वयाच्या असल्यामुळें दुसरीही त्यांनीं बदलली.

आतां कोणी म्हणेल, ब्रेक थोडासा धरून आहे, पण गाडी चालते आहे; तर तशीच पेणपर्यंत नेऊं व तेथें दाखवूं. मागचें चाक ओढत नेणारी गाडी दिसते तितकी निरुपद्रवी नसते. विद्यार्थ्यांनीं एक हिशेब करून पाहावा. समजा, ब्रेक फारच थोडा धरून आहे व त्याचा अटकाव २०० न्यूटन, म्हणजे वीस किलो वजन उचलण्यास लागेल तेवढाच आहे. दहा किलोमीटर गाडी चालली तर त्या अटकावाविरुद्ध २० लक्ष ज्यूल काम होतें, आणि त्या सर्वाची उष्णता होते. एवढ्या उष्णतेनें ३० अंशांचें जवळजवळ सात लिटर पाणी उकळीस येईल. ही उष्णता मूठभर लायनर व एका बिडाच्या भांड्यांत कोंडली जाते. वाऱ्यानें तींतील कांहीं भाग जातो, सगळा जात नाहीं. बेअरिंगमधील ग्रीस पातळ होऊन वाहतें, लायनर करपतो, टायर तापतो. याहून वाईट गोष्ट दिसत नाहीं ती घडते. त्याच ड्रमजवळ पायाच्या ब्रेकचें ऑइल असतें. डॉट ३ या प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश असावा लागतो, पण तें ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि ओलावा शोषलेल्या ऑइलला १४० अंशांवरच उकळी फुटूं शकते. ऑइल उकळलें कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, दाब पुढें देत नाहीं. आणि पायाखालचा ब्रेक फुसका लागतो. भिसे खिंडीचा उतार उतरतांना ब्रेकवर पाय द्यावा व तो तळाशीं जावा, ही कल्पनाही करवत नाहीं. म्हणून वाटेंत जळका वास आला, गाडी सोडून दिली असतां लवकर थांबूं लागली, किंवा एका बाजूस ओढूं लागली, तर बाजूस घेऊन थांबावें. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतूं नये, बीड तडकतें. थंड होऊं द्यावें व टोचन करून न्यावी. मागचीं चाकें अडलेलीं असतील तर तीं उचलूनच.

सर्वच गाड्यांचा हँडब्रेक चाकांत नसतो. मुंबईस माझगांव येथें १९४९ सालीं विलिस जीप तयार होऊं लागली. त्या घराण्याच्या जुन्या जीपगाड्यांत तो गिअरच्या पेटीमागें, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर बसविलेला असे. अशी जीप अद्याप कोणाच्या वाडींत असेल तर तिच्या धन्यानें एक गोष्ट विसरूं नये. दांडा धरलेला असला तरी मागचें एक चाक जॅकवर उचलतांच, मधल्या डिफरन्शियलमुळें, जमिनीवरचें दुसरें चाक फिरावयास मोकळें होतें, व उचललेलें चाक उलटें फिरतें. म्हणजे ब्रेक पूर्ण लागलेला असूनही जीप चालूं लागते. मागच्या चाकांस गति देणारी मोटार केवळ गिअरवर उभी केली असतां तिचेंही तसेंच होतें. धोंडा मात्र असा भेद जाणत नाहीं.

मोठ्या बसगाड्यांचा व मालमोटारींचा न्याय याच्या अगदीं उलट आहे, व तो जाणून घेण्याजोगा आहे. अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनीं १८७२ च्या सुमारास आगगाडीसाठीं असा ब्रेक सिद्ध केला कीं नळींतील हवेचा दाब कमी झाला असतां तो आपोआप लागावा; गाडी मध्येंच तुटली तरी मागचे डबे आपण होऊन थांबावे. हल्लींच्या जड वाहनांच्या पार्किंग ब्रेकमध्येंही बळकट स्प्रिंग ब्रेक लावते व हवा तो सोडते. सकाळीं टांकींत हवा भरेपर्यंत अशी बस हलत नाहीं. ती जाम झालेली नसते. ती हवेची वाट पाहत असते. लहान मोटारींत लावण्याचें काम माणसाकडे व सोडण्याचें स्प्रिंगेकडे, तर येथें लावण्याचेंच काम स्प्रिंगेकडे दिलेलें आहे.

मग पावसाळ्यांत गाडी उभी करावी तरी कशी? कांहीं मंडळी हँडब्रेक कधींच लावीत नाहींत. तो वापरला नाहीं कीं बिघडत नाहीं अशी त्यांची समजूत असते. ती चुकीची आहे. न हलणारी तारच आधीं गंजते. रोज एकदां ओढलेली व सोडलेली तार वर्षानुवर्षें मोकळी राहते. ब्रेक रोज वापरावा, पण ओल्या दिवसांत गाडी पुष्कळ काळ उभी राहावयाची असेल तर तो लावून ठेवूं नये, हे दोन्ही उपदेश एकाच वेळीं खरे आहेत. पहिला तारेसाठीं आहे, दुसरा लायनरसाठीं.

लांब मुक्कामासाठीं गाडी शक्य तर सपाट जागीं उभी करावी, पहिला गिअर घालावा, आणि चाकांस दोन्ही बाजूंनीं धोंडे द्यावेत. कायद्याचीही यास आडकाठी नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणें सार्वजनिक जागीं चालकाविना सोडलेल्या गाडीचें यंत्र बंद असावें, आणि ब्रेक लाविलेले असावेत किंवा ती चुकून चालूं लागणार नाहीं अशी दुसरी तजवीज केलेली असावी. म्हणजे ब्रेकखेरीज दुसरी तजवीज कायद्यानेंच मानलेली आहे. अर्थात् चढावर क्षणभर थांबलें असतां ब्रेकच ओढावा. तेथें गंजाचा विचार करीत बसूं नये.

पाण्यांतून गाडी आली असेल तर उभी करण्यापूर्वीं थोडें अंतर पायाचा ब्रेक हलका दाबीत चालवावी, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेनें ड्रम व लायनर कोरडे होतात. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, व त्या दिवसांत कित्येक गाड्या चाकांवर पाणी येऊन बुडाल्या. अशी बुडालेली गाडी असेल तर ड्रम उघडून आंतील गाळ काढल्याशिवाय ती वापरूं नये. उभी गाडी आठवड्यांतून एकदां तरी अंगणांतल्या अंगणांत पुढेंमागें करावी. आणि वैशाखांत, पाऊस येण्यापूर्वीं, गॅरेजांत नेऊन तारेचीं रबरी टोपणें तपासून घ्यावींत व ड्रम उघडून साफ करून घ्यावेत. खासगी गाडीस पंधरा वर्षें झालीं म्हणजे नोंदणी वाढविण्यासाठीं तिची तपासणी होते, व एमएच ०६ क्रमांकाच्या गाड्यांस त्यासाठीं पेणचें परिवहन कार्यालय ठाऊकच असतें. पण त्या एका दिवसापुरता ब्रेक चालला म्हणजे झालें असें समजूं नये.

ब्रेक सुटला, नवीन तार पडली, तरी तो पुरता सुटला कीं नाहीं हें पाहण्याची एक सोपी रीत त्या मिस्त्रींनीं आम्हांस दाखविली. धोंडे लावून, गाडी सपाट जागीं ठेवून, मागचें एकेक चाक जॅकवर उचलावें, दांडा चारपांच वेळां ओढून सोडावा, व बाजूस उभें राहून चाक हातानें फिरवावें. तें मोकळें फिरलें पाहिजे. लायनरचा अगदीं हलका खरखराट झाला तर चालतो. मग पांचसहा किलोमीटर, होतां होईल तों ब्रेक न दाबतां, गाडी फिरवून आणावी आणि दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहाताची मागील बाजू न्यावी, टेंकवूं नये. एका चाकाची धग दुसऱ्यापेक्षां अधिक लागली तर त्या चाकाचा ब्रेक अद्याप सुटलेला नाहीं, व गाडी त्याच वाटेनें पुन्हा मिस्त्रींकडे न्यावी.